पाटीवाल्याच्या घरचा वाढदिवस

आमच्या धाकट्याचं ऐकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बहीण म्हणून टोमणा मारत नाही, त्याचा धंदाच तसा आहे. रस्ते दुरुस्त करणाऱ्या टोळीत तो पाटीवाला. टोळीच्या आधी अर्धा तास पोचायचं, 'पुढे काम चालू आहे', 'सावकाश', 'रस्ता बंद' अशा पाट्या ओळीने मांडायच्या, लाल-पांढरे शंकू उभे करायचे आणि काम संपलं की सगळ्यांच्या शेवटी ते गोळा करून घरी यायचं. अठरा वर्षं झाली. ह्या अठरा वर्षांत पाटी वाचून मुकाट्याने वळलेला मोटरसायकलवाला त्याने पाहिलेला नाही. लोक पाटीला वळसा घालतात, शंकू उडवतात, वर त्यालाच शिव्या देतात आणि पुढे ओल्या डांबरात चाक रुतलं की परत येऊन आणखी देतात. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा एकाने पाटीसकट ह्यालाच उडवलं, तेव्हापासून डावा पाय जरा ओढतो. मी म्हटलं, "सोड की रे ही नोकरी." तर म्हणतो, "ताई, मग पाट्या कोण लावणार?" घ्या!

आई-वडील गेले तेव्हा तो दहाचा होता आणि मी एकोणीसची. म्हणजे मी नात्याने बहीण, कामाने आई आणि त्याचं लग्न ठरलं तेव्हा हक्काने विहीण. समोरची विहीण मात्र खरीखुरी होती. मोठ्या हॉस्पिटलातली मेट्रन, आता निवृत्त. पस्तीस वर्षं 'शांतता राखा' ह्या पाटीखाली उभं राहून ओरडलेली बाई. त्यांच्या चपलांचा आवाज आला की म्हणे मोठमोठे डॉक्टर चहाचे कप लपवायचे. लेकीने आमचा धाकटा पसंत केला तेव्हा मेट्रनबाई माझ्या तोंडावर एवढंच म्हणाल्या, "रस्त्यावर उभा राहणारा माणूस." मी गिळून टाकलं. मुलगी चांगली होती, आणि मुलगी चांगली असली की विहिणीचं तोंड सोसावं लागतं.

लग्नाला चार वर्षं झाली. लेक माहेरी जायची, नात झाल्यावर नातीला घेऊन जायची, तिकडे लाडकोड सगळं व्हायचं. पण मेट्रनबाईंनी लेकीच्या घरात पाऊल टाकलं नाही. आणि धाकट्याला कधी जावई म्हटलं नाही. माझ्याशी बोलताना "तुमचे बंधू", लेकीशी बोलताना "तुझा नवरा", आणि तो समोर उभा असला की नुसतं "ते".

नात म्हणजे आमची टिचकी. तिचा पहिला वाढदिवस तिच्या थोरल्या मावशीने केला, हॉल घेऊन. सगळा समुद्राचा देखावा. निळे फुगे, छताला टांगलेले कागदी मासे आणि खेकड्याचा पोशाख घातलेला एक भाड्याचा माणूस. खेकडा बघून टिचकीने जे भोकाड पसरलं ते केक संपेपर्यंत आवरलं नाही. धाकटा हवा खायला म्हणून हॉलच्या बाहेर उभा राहिला. एका पाहुण्याने गाडीची काच खाली करून विचारलं, "कुठे लावू?" ह्याने हात करून दाखवलं. सवय, दुसरं काय! मग दुसरी गाडी आली, तिसरी आली. हा पठ्ठ्या तासभर "येऊ द्या, येऊ द्या, बास" करत गाड्या लावत राहिला. एकाही फोटोत बाप नाही. निघताना कुणीतरी त्याच्या हातात बक्षिसी कोंबली आणि ते मेट्रनबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणून ह्या वर्षी आमची भावजय मला म्हणाली, "ताई, दुसरा वाढदिवस आपल्या घरी करायचा. आणि आई येणार."

"येते म्हणाल्या?"

"'बघू' म्हणाली."

हे 'बघू' मला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला म्हणतात, त्यातलं. पण भावजय मशीनवर बसली होती, तिने दातांनी धागा तोडला आणि खाली मान घालून म्हणाली, "ह्या वेळेस नाही आली ना ताई, तर मी परत कधी बोलावणार नाही. आणि टिचकीला घेऊन तिकडे जाणंही बंद." ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. दिवसाला चाळीस कॉलर शिवते, एकही वाकडी जात नाही. अशी बाई बोलली की करते. मला टिचकीची काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर मेट्रनबाईंचीसुद्धा.

हॉल परवडणार नव्हता, खेकडा तर नकोच होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण म्हणजे दोन खोल्या आणि पुढचं सिमेंटचं अंगण. तेव्हा ठरलं की विकत फक्त केकचं सामान आणायचं. बाकी जे घरात पडलंय, जे कारखान्यात कापून उरलंय आणि जे ताईकडे मागता येईल. शेवटचं कलम मला न विचारता मंजूर झालं होतं.

देखावा कसला करायचा हे टिचकीनेच ठरवलं होतं. तिच्या वयाची पोरं फुलपाखरं बघतात, आमची ही बया डांबर बघते. रस्त्यात रोलर दिसला की "घुर्र! घुर्र!" म्हणून कडेवरून उडी मारते. धाकट्याच्या टोळीत रोलर चालवणारा मिशीवाला मामा तिचा देव. त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. तर असा वाढदिवस ठरला, रस्त्याच्या कामाचा. भावजय जरा बिचकली. म्हणाली, "आईला नेमकं हेच आवडत नाही." मी म्हटलं, "वाढदिवस तुझ्या आईचा आहे का?" तोंडातून निघून गेलं. पण त्यानंतर तिने पिवळं अस्तर काढलं आणि कापायला घेतलं.

पंधरा दिवस दोन्ही घरांत उच्छाद होता. दोन्ही म्हणजे त्यांचं आणि शेजारचं माझं. आमच्या गल्लीत घरं तेवढीच, बाकी दोन्हीकडे गोदामांच्या भिंती. माझ्या पिठाच्या डब्याचं रोलरचं चाक झालं. कागदी वाट्यांना पिवळा रंग देऊन हेल्मेटं झाली, सोळा. उरलेल्या अस्तराची जाकिटं झाली, आणि त्यावरच्या चमकत्या पट्ट्या कशाच्या, तर बिस्किटांच्या पुड्यांची आतली चंदेरी बाजू. त्यासाठी पंधरा दिवस आम्ही सगळ्यांनी जेवणाआधी बिस्किटं खाल्ली.

केक मी केला. केक म्हणजे रस्ता. खाली बिस्किटांचा चुरा ही खडी, वर काळं चॉकलेट हे डांबर, मधोमध साखरेची पांढरी रेघ. धाकटा कामावरून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हा सपाट आहे."

"मग? केक काय डोंगराएवढा करू?"

"रस्ता सपाट नसतो. मध्ये उंच, कडेला उतार. नाहीतर पाणी साचतं."

"केकवर कुठलं पाणी साचणार आहे रे, मेल्या?"

पण त्याने पट्टी आणली. मी परत चॉकलेट वितळवलं आणि केकला मध्ये उंची दिली. उगाच खोटं कशाला बोलू, नंतर दिसला छान.

खरी पंचाईत पाट्यांनी केली. भावजयीने पुठ्ठ्यावर गोड पाट्या रंगवल्या होत्या, 'सावकाश खा', 'पुढे केक आहे'. धाकट्याने बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला. त्रिकोणाची कड चुकीच्या रंगाची होती. "खोटी पाटी लावायची नसते," तो म्हणाला. मी सांगितलं की पोरं दोन वर्षांची आहेत, त्यांना वाचता येत नाही. तो म्हणाला, "म्हणून काय झालं?" दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला रीतसर अर्ज दिला. जुन्या पाट्या आणि शंकू एका दिवसासाठी मिळावेत, कारण : वाढदिवस. मुकादमाने सही केली आणि खाली शेरा मारला, 'उद्या सकाळी सातला परत.'

वाढदिवसाच्या दुपारी टेम्पोतून खऱ्या पाट्या आल्या. धाकट्याने गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. आमची गल्ली मोटरसायकलवाल्यांची जवळची वाट आहे, दिवसभर सुसाट जातात. "डझनभर पोरं इथे धावणार," तो म्हणाला, "बंद करायलाच हवी." पटलं मला. आधी पन्नास पावलांवर 'पुढे काम चालू आहे'. मग 'सावकाश'. मग गल्लीच्या तोंडावर 'रस्ता बंद', दोन्ही बाजूंना शंकू आणि मध्ये पट्टी ताणलेली. पलीकडच्या तोंडालाही तसंच. मी शंकू हातात घेऊन मागून चालत होते.

"झालं ना आता? चल, पोरीला तयार करायचंय."

"झालं कसं? बंद म्हटलं की दुसरी वाट दाखवायला हवी. नुसतं बंद म्हणणं म्हणजे माज झाला."

मग बाण लावले. एक नाही, सात. गोदामाला वळसा, पुढे पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, मग मागची अरुंद बोळ, आणि ती बोळ थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. मी म्हटलं दोन बाण बास आहेत. तर म्हणतो, वाट दाखवायची तर शेवटपर्यंत, अर्ध्यात सोडलेला माणूस जास्त चुकतो. आणि शेवटी, पोचलात हे सांगणारी पाटी हवी, असा त्यांचा नियम. म्हणून मागच्या दाराशी त्याने बायकोची पुठ्ठ्याची पाटी लावली, 'टिचकी दोन वर्षांची'. तिच्या त्रिकोणाची कड त्याने आधी दुरुस्त केली.

पाच वाजता पाहुण्यांना बोलावलं होतं. साडेचारलाच सगळं तयार. भावजयीचा फोन कपाटात बंद, कारण टिचकीच्या हाती फोन लागला की तो बादलीत जातो. धाकट्याचाही तिथेच. अंगणात वाळूचा रस्ता, खोक्याचा रोलर, रोलरवर टिचकी, डोक्यावर हेल्मेट, आणि तिचं अखंड घुर्र घुर्र.

सव्वापाचला धाकटा फाटकातून गल्लीत डोकावून आला. चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू! "ताई, एक मोटरसायकल नाही घुसली. एक नाही! आत्ता तर एक मोठी गाडी तोंडाशी आली, थांबली, पाटी वाचली आणि वळून गेली. अठरा वर्षांत पहिल्यांदा." मी म्हटलं, चला, पोरीच्या पायगुणाने बापाचं कुणी ऐकलं. आणि पेले पुसायला लागले. तीन मोठी माणसं होतो आम्ही त्या घरात, तिघांची मिळून अक्कल एका शंकूएवढी नव्हती.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. भावजयीने उरलेली हेल्मेटं एका ओळीत लावली, मग दोन ओळींत लावली, मग परत एका ओळीत. कुणीही आलं नाही. तिच्या कारखान्यातल्या बायका नाहीत, थोरली बहीण नाही, मिशीवाला मामाही नाही. धाकटा म्हणाला, "येतील, पाचचे सहा होतातच." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज उतरला होता. तिसऱ्यांदा म्हणाला नाही, पायरीवर बसून डावा गुडघा दाबत राहिला.

"आई येणार नाही, हे मला माहीतच होतं," भावजय म्हणाली. "पण बाकीचे का नाही आले, ताई? थोरलीनेच सांगितलं असेल सगळ्यांना. तिथे जाऊन काय बघायचं म्हणून." तिने आपल्या डोक्यावरची पिवळी वाटी काढली आणि ओळीत ठेवून दिली. तिने त्या वाट्यांना दोनदा रंग दिला होता, पहिला पिवळा नीट बसला नाही म्हणून. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग. मनातल्या मनात मी मेट्रनबाईंना जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही.

"जाऊ दे," भावजय उठली. "आपण आपला केक कापू आणि हिला झोपवू."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन वाजलं.

"घरात कुणी आहे का, की इथेही काम चालू आहे?"

मेट्रनबाई. चपला धुळीने माखलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, काखेत गुंडाळलेलं भलंमोठं खोकं. "पाणी," त्या म्हणाल्या. पाणी भावजयीनेच दिलं, अर्धं सांडून.

पेला खाली ठेवून त्या सुरू झाल्या. "थोरलीच्या गाडीतून आले. तोंडाशी बघतो तर रस्ता बंद. गाडी वळवली तर कोपऱ्याआड तुझ्या कारखान्यातल्या चार बायका भेटी घेऊन उभ्या. कुणी म्हणे खोदलंय, कुणी म्हणे पाइप फुटलाय. सगळ्या परत गेल्या. थोरली म्हणाली, आई, उद्या येऊ. मी म्हटलं तू जा, मला उतरव. बाण दाखवलाय ना? म्हणजे वाट आहे. म्हटलं, चालत जाते, आणि बाण जिथे संपेल तिथे लावणाऱ्याला पकडून विचारते, म्हाताऱ्या बाईला फिरवतोस कुठे?"

त्या स्टुलावर बसल्या आणि दम खाल्ला.

"पण एक सांगते. ज्याने कुणी लावल्यात त्याला काम कळतं. एक बाण संपतो तिथून पुढचा दिसतो. टाकीपाशी मला वाटलं, गेले मी, आता चुकले. मधल्या त्या गोदामाच्या पायरीवर गुडघा धरून बसले वीस मिनिटं. उठले तर बरोब्बर डोळ्यांसमोर बाण. आमच्या हॉस्पिटलात एक्स-रेची खोली शोधता शोधता माणसं अजून हरवतात. पस्तीस वर्षं ओरडले मी. एका माणसाला अशी पाटी लावता आली नाही."

भावजय नवऱ्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, बोल रे गाढवा, बोल. आणि तो बोलला. अंगात बिस्किटाच्या पुड्यांचं जाकीट, डोक्यावर कागदी वाटी, आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, चुकलं माझं. रस्ता मीच बंद केला."

"तुम्ही?"

"पोरं गल्लीत खेळणार होती. मोटरसायकली घुसतात."

मेट्रनबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि पाहुणे कुठून येणार होते?"

तेव्हा कुठे आमच्या तिघांच्या डोक्यात उजेड पडला. भावजय कपाटाकडे धावली. फोनवर अकरा कॉल येऊन गेलेले. मिशीवाल्या मामाचा निरोप होता, 'पाटी लागलेली दिसली. दुसऱ्या टोळीचं काम असेल म्हणून घुसलो नाही. पोरीला आशीर्वाद.' ती वाचत वाचत हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कौतुक केलं ते परत घेता येईना, आणि ते कुणाचं केलं हे कळल्यावर पुढे वाढवताही येईना, अशी त्यांची गत. मग म्हणाल्या, "तो पाचवा बाण वाकडा आहे."

"हो," धाकटा लगेच म्हणाला. "तिथे जमीन खचलीय. खाली दगड लावायला हवा होता."

"हवा होता."

चार वर्षांत त्या दोघांमध्ये झालेलं हे सगळ्यांत लांब बोलणं. आपण शपथेवर सांगायला तयार आहोत.

भावजय एकेकीला फोन लावून परत बोलवायला लागली आणि धाकटा पाट्या उचलायला गल्लीत गेला. मागून मी, फोन कानाला लावलेली भावजय, आणि मेट्रनबाई, कडेवर टिचकी. टिचकीने आपलं हेल्मेट काढून आजीच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ते तिथे आहे हे त्यांना सांगण्याची हिंमत आमच्यात कुणातच नव्हती.

धाकटा अजून पट्टी सोडतोय तोच मोठ्या रस्त्यावरून एक मोटरसायकल आली. तिने 'पुढे काम चालू आहे' पाहिलं नाही, 'सावकाश' पाहिलं नाही. 'रस्ता बंद'ला वळसा घातला, पट्टी तोडली, शंकू उडवला आणि आमच्या अंगावरून सुसाट गेली.

आणि पस्तीस वर्षांचा तो आवाज गोदामांच्या भिंतींवर आदळला.

"ए! डोळे फुटले का? पाटी दिसत नाही? माझ्या जावयाने लावलीय ती!"

भावजय फोनवर थोरलीला नुसतं "ये" म्हणणार होती. तिला तेवढंही जमेना. तिकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

मोटरसायकलवाला थांबला नाही. ते कधीच थांबत नाहीत. धाकटा लंगडत गेला, लवंडलेला शंकू उचलला, झटकून पुसला आणि होता तिथे, रस्त्याच्या मधोमध, परत ताठ उभा केला. मग मला त्याला ओरडून सांगावं लागलं, की अरे उचल तो, पाहुणे यायचेत.